प्रकल्प नोंदी: १९००-०१ च्या एफए कपची मराठी भाग्यपत्रिका

काम असं: १९००-०१ च्या मोसमातल्या एफए कपच्या (इंग्लंडमधल्या फुटबॉल संघांची बाद स्पर्धा) मुख्य स्पर्धेची, म्हणजे ३२ संघांपासून अंतिम सामन्यापर्यंतची, भिंतीवर लावायची भाग्यपत्रिका (कोण कोणाशी खेळलं आणि कोण पुढे गेलं हे रेषांनी दाखवणारा तक्ता). आकार ६ × ४ फूट, मजकूर पूर्ण मराठीत. मागे एक स्प्रेडशीट, म्हणजे दुसऱ्या मोसमासाठी तोच साचा वापरता येईल. हाच मोसम घेतला, कारण १८८८ साली फुटबॉल लीग (इंग्लंडमधल्या प्रमुख संघांची साखळी स्पर्धा) सुरू झाल्यापासून लीगबाहेरच्या संघाने हा चषक एकदाच जिंकला आहे, आणि तो याच मोसमात: सदर्न लीग या वेगळ्या साखळीतल्या टॉटनहॅम हॉटस्परने.

६ जानेवारी: व्याप्ती

पहिला दिवस फुकट गेला. पात्रता फेऱ्यांपासून सगळं घ्यायचं ठरवलं होतं. तीन तासांत कळलं की ‘पहिली फेरी’ आणि ‘पहिली पात्रता फेरी’ यांच्या नोंदी एकमेकांत मिसळल्या आहेत. त्यातच ५ जानेवारी १९०१ ची ‘मधली फेरी’ वेगळीच. ती पात्रतेतही धरता येत नाही आणि मुख्य स्पर्धेतही. शेवटी फक्त मुख्य स्पर्धा घेतली. असं काम करणाऱ्याने फेरीच्या रकान्यात नुसता आकडा लिहू नये. ‘पात्र-१’, ‘मधली’, ‘मुख्य-१’ अशा खुणा पहिल्याच दिवशी ठरवाव्यात.

मुख्य स्पर्धेचं गणित सरळ आहे. ३२ संघ, दर लढतीला एक संघ बाहेर, म्हणून लढती ३१: १६, ८, ४, २, १. पण लढत आणि सामना या दोन वेगळ्या गोष्टी. बरोबरी झाली की फेरसामना, आणि सामन्यानंतरच्या पेनल्टींवर निकाल लावायची पद्धत तेव्हा नव्हती. सध्याच्या साच्यातला ‘पेनल्टी’ रकाना काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘फेरसामना’ घातला.

९ जानेवारी: तारखांचा घोळ

दिवसभर भरलेल्या तारखा संध्याकाळी वार काढून तपासल्या, तर शनिवारचे सगळे सामने शुक्रवारी आलेले. कारण लगेच सापडलं: ‘९/२/०१’ असं टंकलं होतं, स्प्रेडशीटने त्याचं २००१ केलं होतं. शंभर वर्षांत वार एकाने मागे सरकतो, म्हणून सगळीकडे शुक्रवार. साल नेहमी चार आकडी लिहा.

दुसरा घोळ दुसऱ्या एका फाइलमध्ये. शीट अमेरिकी पद्धतीवर होती, त्यामुळे ९ फेब्रुवारीचं २ सप्टेंबर झालं. २३ फेब्रुवारी मात्र तशीच राहिली, कारण तेविसावा महिना नसतो. ती तारीख न होता नुसता मजकूर म्हणून बसली. अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या मजकूर, अशी अवस्था. भाषा-प्रदेश मराठी (भारत) करून सगळं पुन्हा भरलं. गेलेला वेळ: चार तास.

वाराचा रकाना ठेवाच. या मोसमात शनिवार सोडून दुसरा वार आला तर त्याला कारण असलंच पाहिजे: एकतर फेरसामना, नाहीतर सुट्टी. टॉटनहॅमचा प्रेस्टनशी फेरसामना १३ फेब्रुवारीला, बुधवारी. रेडिंगशी फेरसामना २८ मार्चला, गुरुवारी. वेस्ट ब्रॉमिचविरुद्धची उपांत्य लढत ८ एप्रिलला, सोमवारी, कारण तो ईस्टरचा सोमवार होता. दुसरी उपांत्य लढत त्याआधीच्या शनिवारी, ६ एप्रिलला. कारण नसलेला मंगळवार दिसला की टंकनाची चूक समजावी.

पहिली फेरी मुळात २६ जानेवारीला होती. २२ जानेवारीला राणी व्हिक्टोरियाचं निधन झालं आणि फेरी ९ फेब्रुवारीला ढकलली गेली. मोसमाआधी छापलेल्या वेळापत्रकावरून तारखा उतरवल्या तर सोळाच्या सोळा लढती चुकतात. इथे तेच झालं होतं. वेळापत्रक आणि सामन्याचं वृत्त यांत वृत्तच धरावं.

१८९० च्या दशकातला मोसम घेणाऱ्यांसाठी: काही स्प्रेडशीट १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख ओळखतच नाहीत. तिथे दिवस, महिना, साल असे तीन वेगळे रकाने करावे लागतील.

१० जानेवारी: गोलसंख्येची तारीख होते

‘२-१’ लिहिलं की पेशीत (सेलमध्ये) ‘२ जानेवारी’ येतं. अंतिम सामन्याचं २-२ थेट २ फेब्रुवारी झालं. मागाहून पेशीचं स्वरूप ‘मजकूर’ केलं तर मूळ आकडे परत येत नाहीत, तारखेचा अंतर्गत क्रमांक दिसतो. म्हणून भरायच्या आधीच स्वरूप बदला. त्याहून चांगलं म्हणजे दोन रकाने करा, यजमानांचे गोल आणि पाहुण्यांचे गोल. बेरीजही करता येते.

इथे देवनागरी अंकांची अडचण आली. पेशीत ‘४’ टंकलं तर शीट तो मजकूर समजते आणि बेरीज शून्य दाखवते. शून्य दिसलं तर चूक कळते, पण काही पेशी इंग्रजी अंकांत (0-9) आणि काही देवनागरीत असतील तर बेरीज नुसती कमी येते आणि पटकन लक्षात येत नाही. आता हिशेबाची शीट इंग्रजी अंकांत, छपाईची देवनागरीत. अंकबदल सगळ्यात शेवटी, ‘शोधा आणि बदला’ दहा वेळा.

१३ जानेवारी: सोडत उलटी लावावी लागते

या कामातली सगळ्यात मोठी चूक. पहिल्या फेरीच्या १६ लढती वृत्तपत्रात ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने डावीकडे लावल्या आणि पुढे रेषा ओढायला घेतल्या. दुसऱ्या फेरीतच रेषा एकमेकींना कापू लागल्या. कबड्डी किंवा खो-खोच्या भाग्यपत्रिकेत पुढचा मार्ग आधीच ठरलेला असतो. या स्पर्धेत तसं नव्हतं. दर फेरीनंतर नव्याने सोडत निघायची. म्हणजे १९०१ च्या फेब्रुवारीत अशी भाग्यपत्रिका अस्तित्वातच नव्हती, ती अंतिम सामन्यावरून मागे मागे जात बांधावी लागते.

पद्धत: मधोमध अंतिम सामना, टॉटनहॅम आणि शेफील्ड युनायटेड. टॉटनहॅमच्या बाजूला उपांत्य फेरीत हरलेला वेस्ट ब्रॉमिच. मग दोघांनी तिसऱ्या फेरीत हरवलेले संघ, रेडिंग आणि मिडल्सब्रो. मग त्या चौघांनी दुसऱ्या फेरीत हरवलेले: बेरी, बोल्टन, वुलिच आर्सेनल, केटरिंग. असं करत पहिल्या फेरीपर्यंत. दुसऱ्या बाजूला शेफील्ड युनायटेड, ॲस्टन व्हिला, वुल्व्ह्ज, स्मॉल हीथ आणि त्यांच्या मागचे. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा संघ आले की मांडणी बरोबर. एका बाजूला पंधरा आणि दुसरीकडे सतरा आले तर कुठेतरी एका संघाचा विजेता चुकला आहे.

दोन दिवसांचं काम या पद्धतीने पाऊण तासात झालं.

तळाला एक ओळ घातली: ‘दर फेरीची सोडत स्वतंत्र होती; ही मांडणी निकालांवरून केलेली आहे.’ ती नसेल तर बघणाऱ्याला वाटतं की टॉटनहॅमला आपली वाट पहिल्या दिवसापासून माहीत होती.

१७ जानेवारी: फेऱ्यांची नावं

‘तिसरी फेरी’ हा शब्द आज वेगळ्या अर्थाने रुळला आहे. मोठे संघ स्पर्धेत उतरतात ती फेरी. तो अर्थ १९२५-२६ पासूनचा. १९०१ मध्ये तिसरी फेरी म्हणजे शेवटचे आठ संघ. मसुदा वाचणाऱ्या तिघांपैकी दोघे इथेच अडखळले. आता शीर्षक ‘तिसरी फेरी (उपांत्यपूर्व)’.

या आठ संघांचे रंग लावताना हा मोसम खरा डोळ्यांसमोर आला. फुटबॉल लीगच्या पहिल्या विभागातले चार: शेफील्ड युनायटेड, ॲस्टन व्हिला, वुल्व्ह्ज, वेस्ट ब्रॉमिच. दुसऱ्या विभागातले दोन: स्मॉल हीथ, मिडल्सब्रो. आणि सदर्न लीगचे दोन, टॉटनहॅम आणि रेडिंग, तेही एकमेकांसमोर! सोडत तशी निघाल्यामुळे उपांत्य फेरीत लीगबाहेरचा एक संघ नक्की होता. लीगनिहाय रंग लावल्याशिवाय हे नजरेत येत नाही, म्हणून तीन रंगांचा खर्च करावाच.

२१ जानेवारी: संघांची नावं, तेव्हाची की आत्ताची

तेव्हाचीच ठेवली. स्मॉल हीथ म्हणजे पुढचा बर्मिंगहॅम, न्यूटन हीथ म्हणजे १९०२ पासूनचा मँचेस्टर युनायटेड, लेस्टर फॉस म्हणजे लेस्टर सिटी. शेफील्ड वेन्सडेचं अधिकृत नाव तेव्हा नुसतं ‘द वेन्सडे’. आजचं नाव खाली बारीक अक्षरात. बर्नलीने फेरसामन्यात न्यूटन हीथला ७-१ हरवलं, या ओळीखाली ‘मँचेस्टर युनायटेड’ वाचून लोक थांबतात. तेवढ्यासाठी ती बारीक ओळ हवीच.

सावधगिरी एकच: शीटमध्ये दोन्ही नावं एकाच पेशीत लिहू नका. ‘न्यूटन हीथ (मँचेस्टर युनायटेड)’ एका ठिकाणी आणि ‘न्यूटन हीथ’ दुसऱ्या ठिकाणी असेल, तर शोधसूत्राला ते दोन संघ वाटतात. त्यामुळे संघ ३२ ऐवजी ३५ मोजले गेले होते.

२२ जानेवारी: उच्चार आणि अ‍ॅ-ॲ

स्पेलिंगवरून लिहिलं की बरी, डर्बी, लायसेस्टर, वूलविच अशी नावं तयार होतात. उच्चार बेरी, डार्बी, लेस्टर, वुलिच असे आहेत. रेडिंगला कुणी ‘रीडिंग’ लिहू नये. टॉटनहॅमचा तिथला उच्चार ‘टॉटनम’च्या जवळचा, पण मराठी वाचकाला टॉटनहॅम ओळखीचं आहे, म्हणून ते तसंच. नियम असा ठरला: वर्तमानपत्रांतून रुळलेलं रूप असेल तर तेच, नसेल तर उच्चार.

यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्याच गोष्टीने खाल्ला. ॲस्टन व्हिलाचे सामने कमी मोजले जात होते. नाव सगळीकडे सारखंच दिसत होतं. शेवटी पेशीतली अक्षरं मोजली तेव्हा एकीकडे एक जास्त निघालं. एका कळफलकावर ‘ॲ’ हे एकच अक्षर उमटतं, दुसऱ्यावर ‘अ’ आणि वरची चंद्रखूण अशी दोन. डोळ्यांना फरक दिसत नाही, सूत्राला दिसतो. तसंच ‘साउथॅम्प्टन’ आणि ‘साउथँप्टन’. उपाय: ३२ नावांची एक यादी करून भरणाऱ्याला त्यातूनच निवडायला लावा, हाताने टंकू देऊ नका. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर सहा तास वाचले असते.

२८ जानेवारी: यजमान-पाहुणे उलटतात

विजेता काढायचं सूत्र पहिल्या सामन्याच्या रकान्यांवर होतं. फेरसामना दुसऱ्या संघाच्या मैदानावर होत असल्याने डावी-उजवी बाजू बदलते. टॉटनहॅम १-१ प्रेस्टन, मग प्रेस्टन २-४ टॉटनहॅम. फेरसामन्याचे आकडे जुन्याच बाजूने ओतल्यामुळे सूत्राने प्रेस्टनला ४-२ जिंकवून पुढे पाठवलं आणि गतविजेत्या बेरीसमोर उभं केलं. आता प्रत्येक सामन्याची स्वतंत्र ओळ, त्यात यजमान आणि पाहुणे नव्याने, आणि लढतीचा क्रमांक दोन्ही ओळींना तोच. उपांत्य आणि अंतिम सामने त्रयस्थ मैदानांवर, तिथे यजमान कोणीच नाही. ‘त्रयस्थ’ अशी खूण केली.

तिसऱ्या फेरीपासून पुढची मोजणी तपासायला सोपी आहे. लढती ७. फेरसामने ४: स्मॉल हीथ-व्हिला, रेडिंग-टॉटनहॅम, शेफील्ड युनायटेड-व्हिला, आणि अंतिम. एकूण सामने ११. ओळी अकरा नसतील तर थांबा.

१ फेब्रुवारी: ब्राउनचे गोल

टॉटनहॅमच्या सँडी ब्राउनचे या मोसमातल्या स्पर्धेत १५ गोल. आधी मसुद्यात ‘प्रत्येक सामन्यात गोल’ असं लिहिलं होतं. चूक. प्रत्येक फेरीत गोल केला, प्रत्येक सामन्यात नाही. रेडिंगमधल्या १-१ बरोबरीत त्याचा गोल नाही.

पडताळा असा लावला. टॉटनहॅमचे आठ सामने, गोल १, ४, २, १, ३, ४, २, ३, बेरीज २०. ब्राउनचे १, ३, २, ०, २, ४, २, १, बेरीज १५. उरले पाच. त्यात प्रशिक्षक-खेळाडू जॉन कॅमेरॉन, कर्वन, स्मिथ यांची नावं येतात. बेरीज जुळली. वेस्ट ब्रॉमिचविरुद्ध व्हिला पार्कवर ४-० झालं आणि चारही गोल ब्राउनचे. ती पेशी ठळक केली आहे, कारण उपांत्य सामन्यात असं फार क्वचित होतं.

४ फेब्रुवारी: संघांची मांडणी

तयार साचा ४-३-३ चा (गोलरक्षकापुढे बचाव, मधली फळी, आघाडी यांत किती खेळाडू ते) आणि त्यात पाठीवरच्या क्रमांकांची वर्तुळं. दोन्ही काढावे लागले. तेव्हा मांडणी २-३-५. आणि एफए कपच्या अंतिम सामन्यात क्रमांक आले ते १९३३ साली. बदली खेळाडूही नव्हते. टॉटनहॅम असा लावला: क्लॉली, एरेन्ट्झ, टेट, मॉरिस, ह्यूज, जोन्स, स्मिथ, कॅमेरॉन, ब्राउन, कोपलँड, कर्वन. शेफील्ड युनायटेड: फोक, थिकेट, बॉइल, जॉन्सन, मॉरेन, नीडहॅम, बेनेट, फील्ड, हेडली, प्रीस्ट, लिपशॅम. आडनावंच वापरली. 

८ फेब्रुवारी: अंतिम सामन्याची चौकट

२० एप्रिल १९०१, क्रिस्टल पॅलेस, २-२. प्रीस्टने शेफील्डला पुढे नेलं, ब्राउनने बरोबरी साधली आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच दुसरा गोल केला. लगोलग बेनेटचा तो वादग्रस्त गोल. लिपशॅमचा फटका टॉटनहॅमचा गोलरक्षक क्लॉली याच्या हातून निसटला, बेनेट धावून आला आणि चेंडू बाहेर गेला. लाइन्समनने कॉर्नरची खूण केली, पण पंच किंग्सकॉट यांनी गोल दिला. सामन्याचं चित्रण झालं होतं. चेंडू रेषेपार गेलाच नव्हता, असं त्या फितीच्या आधारे सांगितलं जातं.

आकड्यात काही बदलायचं नाही. पंचांनी दिला तो गोल, निकाल २-२. चौकटीखाली दोन ओळींची टीप. मसुद्यात ‘खोटा गोल’ असा शब्द होता, तो काढला. तक्त्यात वाद नोंदवावा, निवाडा करू नये. टॉटनहॅमवर कितीही जीव असला तरी.

प्रेक्षकसंख्या दोन मिळतात, १,१०,८२० आणि १,१४,८१५. पहिली वापरली आणि तारांकित केली. दोन्हींची सरासरी काढून लिहिण्याची सूचना आली होती. ती मान्य केली नाही, कारण तो आकडा कुठल्याच नोंदीत नाही. स्वल्पविरामही तपासा: उतरवताना ‘११०,८२०’ असं राहिलं होतं.

फेरसामना २७ एप्रिलला, बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर, ३-१. पुन्हा प्रीस्टने आधी गोल केला, मध्यंतराला शेफील्ड पुढे. नंतर कॅमेरॉन, स्मिथ, ब्राउन. प्रेक्षक वीस हजारांच्या थोडे वर. एका आठवड्यात लाखावरून वीस हजार बघून कुणालाही एक शून्य सुटलं असं वाटेल, आणि तपासणाऱ्याने खरंच एक शून्य वाढवलं होतं. कारण छापून टाकलं: बोल्टन स्टेशनचं बांधकाम चालू होतं, रेल्वेने स्वस्त सहलीची तिकिटं दिली नाहीत.

१२ फेब्रुवारी: चषकाचं चित्र चुकलं

पहिला फ्लेक्स छापून आल्यावर कळलं. वर मधोमध आजच्या घाटाचा उंच चषक लावला होता. तो घाट १९११ सालचा, ब्रॅडफर्डच्या फातोरिनी पेढीने केलेला. १९०१ ला टॉटनहॅमच्या हातात होता तो दुसरा, लहान चषक; पहिला १८९५ साली बर्मिंगहॅममधल्या दुकानातून चोरीला गेला, त्याची ती हुबेहूब प्रत होती. १९०१ च्या विजयानंतर चषकाला टॉटनहॅमच्या रंगाच्या फिती बांधल्या होत्या, तिथूनच ती प्रथा पडल्याचं मानतात. नव्या चित्रात फिती घातल्या.

फ्लेक्स वाया: २४ चौरस फूट, १५ रुपयांनी ३६० रुपये.

१५ फेब्रुवारी: दुसरी छपाई

छपाईवाल्याच्या जुन्या प्रणालीत युनिकोड मजकूर चिकटवला तर जोडाक्षरं फुटली. ‘स्पर्धा’चा रफार सुटून बाजूला पडला, ‘वुल्व्ह्ज’ वाचण्यापलीकडे गेलं. मजकूर देऊच नका. अक्षरांचं रेखाटनात रूपांतर करून पीडीएफ द्या, प्रत्यक्ष आकारात, चारही बाजूंना एक इंच जादा सोडून.

जागेचा हिशेब: उंची ४८ इंच, शीर्षक आणि तळटीप मिळून ८ इंच, उरले ४०. एका बाजूला १६ नावं, म्हणून एका नावाला अडीच इंच. फेरसामना असलेल्या लढतीला दोन ओळी लागतात. अक्षर पाऊण इंचाचं ठेवलं तर बसतात, एक इंचाचं केलं तर नाही. या वेळी फ्लेक्स न घेता सनबोर्डवर व्हिनाइल, ७० रुपये चौरस फुटाने १,६८० रुपये. जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहाचं एक महिन्याचं सदस्यत्व सुमारे १,७०० रुपये. ते दुसऱ्या आठवड्यात घ्यायला हवं होतं. पहिल्याच दिवशी घेतल्याने अर्धा महिना तारखा दुरुस्त करण्यात गेला.

२० फेब्रुवारी: साचा पुढच्या मोसमाला लावून पाहिला

१९०१-०२ भरायला घेतला आणि उपांत्य फेरीतच अडला. शेफील्ड युनायटेड आणि डार्बी १-१, फेरसामना १-१, तिसऱ्या सामन्यात १-०. साच्यात एकाच फेरसामन्याची सोय होती. लढतीला तीन सामने पेलतील असा बदल केला आणि चौकटीतली अक्षरं अर्ध्या इंचावर आणली. अंतिम लढत शेफील्ड युनायटेड-साउथॅम्प्टन, तिलाही फेरसामना, पण या वेळी दोन्ही सामने क्रिस्टल पॅलेसवरच. म्हणून ‘मैदान’ हा रकाना लढतीला न जोडता सामन्याला जोडला. साचा वापरायचा असेल तर या तारखेनंतरची प्रत घ्या.